टनांत मोजलेला चारा

मार्च सरत आला की जिल्ह्याजिल्ह्यांतून एकाच साच्याची बातमी येते: अमुक लाख टन चारा शिल्लक आहे, तो अमुक महिने पुरेल, पुढे टंचाई. त्याच सुमारास गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर नेपिअर गवताच्या कांड्यांच्या जाहिराती फिरू लागतात: एकरी दोनशे टन, एकदा लावा आणि वर्षानुवर्षं कापत राहा. धोरणाच्या कागदांत तुटीचे टक्के असतात. झाशीच्या भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्थेने आपल्या ‘व्हिजन २०५०’ या दस्तऐवजात देशातली हिरव्या चाऱ्याची तूट ३५.६ टक्के आणि कोरड्या चाऱ्याची १०.९५ टक्के दाखवली होती. या सगळ्यातून निष्कर्ष एकच काढला जातो. चारा वजनाला कमी पडतोय, तेव्हा वजन वाढवा.

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत दूध उत्पादक रोज मोजतो. महाराष्ट्रातलं जनावर पुष्कळदा भरल्या दावणीसमोर अर्धपोटी राहतं. चारा असतो, पण तो चुकीच्या दिवशी कापलेला, वाईट रीतीने साठवलेला किंवा निम्म्याहून अधिक पाणीच असलेला असतो. टन हे माप ट्रकला आणि वजनकाट्याला चालतं. गाईच्या पोटाला ते लागू पडत नाही.

जनावराची भूक कोरड्या पदार्थावर ठरते, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा जाता जे उरतं त्यावर. चारशे किलो वजनाच्या दुभत्या संकरित गाईला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा पदार्थ लागतो. कोवळ्या लसूण घासात तो वीस टक्क्यांच्या आसपास असतो, वाळलेल्या कडब्यात नव्वद टक्के. त्या कोरड्या पदार्थात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली, की कोठीपोटातले जिवाणूच उपाशी राहतात. मग तंतू फुटत नाहीत, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि जनावर समोरचा चारा असूनही कमी खातं. ‘गाय वैरण सोडते’ अशी तक्रार गोठ्यागोठ्यांतून ऐकू येते. तिचं कारण अनेकदा एखाद्या आजारात नसून याच आकड्यात असतं.

आता हे माप हातात घेऊन दुष्काळातल्या चारा छावण्यांकडे पाहावं. २०१८-१९ च्या दुष्काळात सरकारने छावणीतल्या मोठ्या जनावरामागे आधी दिवसाला ७० रुपये दिले, पुढे ते ९० आणि शेवटी १०० केले. हिरव्या चाऱ्याचं प्रमाण मोठ्या जनावराला आधी १५ किलो होतं, ते नंतर १८ किलोवर नेलं. छावणीत हिरवा चारा म्हणजे प्रामुख्याने ऊस आणि उसाचे वाढे. अठरा किलो वाढ्यांत कोरडा पदार्थ भरतो जेमतेम पाच किलो. वाढ्यांच्या कोरड्या पदार्थात प्रथिनं पाच-सहा टक्के, अख्ख्या उसात त्याच्या निम्मी. शिवाय वाढ्यांतले ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम अडकवून टाकतात. म्हणून तर पशुवैद्यक वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला आणि खनिज मिश्रण द्यायला सांगतात. कागदावर किलो भरले. जनावर मात्र हाडांवरची चरबी आणि हाडांतला चुना खाऊन पावसाळ्यापर्यंत टिकलं.

यावर एक उत्तर येतं आणि ते गंभीरपणे ऐकलं पाहिजे. दुष्काळात प्रश्न जगण्याचा असतो, तिथे प्रथिनांचे टक्के मोजणं ही चैन आहे, आधी पोट भरू द्या. छावणीपुरतं हे खरं आहे. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीने किंवा सोलापूर, नगर, सांगली भागातल्या इतर छावण्यांनी हजारो जनावरं कसायाच्या आणि मरणाच्या दारातून मागे आणली. माण-आटपाडीच्या माणसांनी स्वतः छावणीत मुक्काम करून ती सांभाळली. त्या कष्टांना कमी लेखणारा कोणताही युक्तिवाद इथे नाही. वाद आहे तो छावणीचं माप चांगल्या पावसाच्या वर्षालाही लावण्याशी. संकटात जीव वाचवण्यासाठी जे चालतं, तेच ऑक्टोबरात, बांधावर गवत कमरेइतकं उभं असताना, नियोजनाचं सूत्र कसं होऊ शकतं?

नेपिअरच्या बाबतीत हा घोळ सगळ्यात महाग पडतो. संकरित नेपिअर हे उत्तम पीक आहे यात शंका नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ दिले, कोइमतूरहून ‘सीओ-४’ आलं, बाएफ या संस्थेने ‘बीएनएच-१०’ काढलं. या वाणांमागे वर्षानुवर्षांचं काम आहे. लागवडीनंतर साठ-सत्तर दिवसांनी पहिली कापणी, मग दर पंचेचाळीस दिवसांनी, गवत छातीपर्यंत येण्याआधी, बुंधा दहा-पंधरा सेंटिमीटर राखून, ही शिफारसही जुनीच आहे. तिच्याविरुद्ध जाणारी गोष्ट म्हणजे दोनशे टनांचं स्वप्न. टन वाढवायचे तर गवत वाढू द्यावं लागतं. ते डोक्यावर जातं, कांडं जाड होतं, पानांचं प्रमाण घटतं, फोटो मात्र छान येतो. पंचेचाळीस दिवसांच्या नेपिअरमध्ये कोरड्या पदार्थाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं मिळतात. तीन महिने उभ्या राहिलेल्या नेपिअरमध्ये ती पाचवर येऊ शकतात. तीस किलो कोवळं गवत गाईला साधारण ४८० ग्रॅम प्रथिनं देतं, तेवढंच जून गवत कोरडा पदार्थ जास्त असूनही ३७५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्यातलंही बरंचसं पचत नाही. शेणातून बाहेर पडणारे न पचलेले लांब तंतू हा हिशेब रोज सकाळी गोठ्यातच मांडतात.

दहा किलो लसूण घास घेतला तर त्यात ३८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं भरतात. म्हणजे तीस किलो जून नेपिअर आणि दहा किलो लसूण घास प्रथिनांच्या बाबतीत सारखेच. टनांच्या स्पर्धेत मात्र लसूण घास पहिल्या फेरीतच बाद होतो. राहुरीचंच ‘आरएल-८८’ हे वाण एकदा पेरलं की तीन-चार वर्षं कापता येतं. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, पुढे महिन्याच्या आत एकेक. बियाण्यात अमरवेलीचं बी नको, आणि ओला कोवळा घास एकदम भरपूर घालून पोटफुगी ओढवून घेऊ नये, एवढी दोन पथ्यं. पाणी लागतं हे खरं. पण सर्वांनी एकरभर लसूण घास लावावा असं कोणी म्हणत नाही. चार गाईंच्या गोठ्याला दहा गुंठ्यांतही फरक दिसतो. पाणी त्याहूनही कमी असेल तर मक्यात चवळी मिसळून पेरता येते, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावता येतं, दशरथ घास घेता येतो. या पिकांच्या जाहिराती का फिरत नाहीत, हे विचारायला हवं. त्यांचा फोटो डोक्यावर जात नाही, एवढंच.

टनांच्या बाजूने दुसरा युक्तिवाद पेंडीच्या मार्गाने येतो. चारा पोट भरायला, पोषण पेंडीतून द्या, म्हणजे चाऱ्याच्या दर्जाची चिंताच नको. हा सल्ला देणाऱ्यांनी दूध संकलन केंद्रावर एक दिवस उभं राहावं. दुग्ध व्यवसायात खर्चाचे साठ-सत्तर टक्के खाद्यावर जातात, आणि त्यात जड हात पेंडीचाच असतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) या पायावर ठरतो. फॅट पॉइंट खाली आला की दर कापला जातो. फॅट तयार होतं ते तंतूंच्या आंबण्यातून. चांगला तंतू कमी आणि पेंड-भरडा जास्त झाला की कोठीपोट आंबतं, गाय रवंथ कमी करते आणि फॅट घसरतं. शेतकरी मग फॅट वाढवण्यासाठी आणखी काहीतरी विकत आणतो. २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे आधी पाच आणि पुढे सात रुपये अनुदान द्यावं लागलं. दूधदराच्या अन्यायाबद्दल शेतकरी रस्त्यावर उतरला तो न्याय्य होता, आणि खरेदीदाराची जबाबदारी गोठ्यावर ढकलण्याचा इथे हेतू नाही. पण त्याच लिटरमागे पेंडीचे जे रुपये अनावश्यक जातात, त्यांतले काही योग्य वेळी चाललेल्या विळ्याने वाचतात. ती बचत कुणाच्या मेहरबानीवर अवलंबून नाही.

इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. दूध लिटरवर विकलं जात नाही, ते त्यातल्या घटकांवर विकलं जातं. प्रत्येक कॅन यंत्राखालून जातो. आणि ते दूध ज्यातून बनतं तो चारा मात्र अजून ट्रॉलीवर, पेंढीवर आणि टनावर चालतो.

पेंढीचं नाव निघालं की कडब्याकडे वळलं पाहिजे, कारण शेतकऱ्याला चाऱ्याचा दर्जा कळत नाही हा समज कडबाच खोडून काढतो. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटका, धान्याला भरघोस. खरिपात संकरित ज्वारीने बाजी मारली. पण रब्बीत सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी मालदांडीला चिकटून राहिला. मोहोळच्या केंद्रावर तिच्यातूनच निवडलेली ‘एम ३५-१’ आजही पेरली जाते, कारण तिची भाकरी आणि तिचा कडबा दोन्ही त्याला हवे असतात. त्याने कित्येक पिढ्या पानांची लांबी, ताटाची गोडी, कडब्याचा रंग पाहूनच भाव ठरवला. हैदराबादच्या बाजारात ज्वारीच्या कडब्यावर आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यासही हेच सांगतो. पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली, की गिऱ्हाईक पंचवीस टक्के किंवा अधिक भाव मोजत होतं. प्रयोगशाळेचा अहवाल कुणाच्याच हातात नव्हता. बाजार डोळ्यांनी आणि बोटांनी पाच टक्क्यांचा फरक ओळखत होता.

या ज्ञानाला धोरणात जागा मिळाली नाही. रब्बी ज्वारीचं क्षेत्र गेल्या तीन दशकांत निम्म्यावर आलं. ज्वारी उपटायला माणूस मिळेना, मजुरी परवडेना, सोयाबीन आणि ऊस सोपा वाटला, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. दोष आहे तो टंचाईच्या ताळेबंदात कडब्याची जागा सोयाबीनच्या भुसकटाने आणि उसाच्या वाढ्यांनी टनास टन अशी भरण्यात. कडब्याचा एक टन गेला आणि वाढ्यांचा एक टन आला, तर कागदावर चारा तेवढाच राहतो. दावणीत कोरड्या पदार्थाचे सहाशे किलो कमी झालेले असतात. जो कडबा उरला आहे तोही आखूड न करता टाकला तर जनावर पानं वेचून खातं आणि ताटं तुडवतं, त्यात पाव हिस्सा सहज वाया जातो. कडबाकुट्टीवर अनुदान मिळतं, ते बरंच आहे. गंजीवर चांगलं आच्छादन नसल्याने अवकाळी पावसात काळा पडणारा कडबा मात्र कुठल्याच आकड्यात येत नाही.

निकृष्ट भुसकटावर युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धतही अनेक दशकं शिकवली जाते. शंभर किलो भुसकटाला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून, मग तीन आठवडे हवाबंद. प्रथिनं दुपटीच्या वर जातात. तरी ती रुजली नाही, कारण तिला मनुष्यबळ लागतं, प्रमाण चुकलं तर धोका असतो आणि लहान वासरांना असं भुसकट चालत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. ज्या पद्धती सहज रुजण्यासारख्या आहेत त्यांच्यावर तरी जोर द्यायला हवा.

अशी एक पद्धत म्हणजे मुरघास, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी दाबून हवाबंद मुरवणं, आणि गेल्या काही वर्षांत ती झपाट्याने पसरली ही फार चांगली गोष्ट आहे. पण तिथेही टनाने शिरकाव केला. मुरघास टनावर विकला जातो. पंचवीस टक्के कोरडा पदार्थ असलेल्या एका टनात २५० किलो खाद्य असतं, पस्तीस टक्के असलेल्या टनात ३५०. भाव दोन्हींचा एकच. ज्याला घाईने पुढचं पीक घ्यायचं आहे तो मका कणीस भरण्याआधीच कापतो, पिशवीतून पाणी गळतं, त्या पाण्याबरोबर साखर आणि प्रथिनं जातात, आणि घेणारा शेतकरी गाडीभाड्यासह पाणी विकत घेतो. मक्याची कापणी दिवस मोजून करायची नसते, दाणा पाहून करायची असते. कणीस मोडून दाण्यावरची दुधाची रेघ अर्ध्यावर आलेली दिसली की वेळ झाली. त्याच्या पुढे ताट कोरडं पडतं, कुट्टी दाबली जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आत, थरावर थर तुडवून, मग तोंड बांधून पंचेचाळीस दिवस. खरेदी करणाऱ्याने मूठभर मुरघास घट्ट दाबून पाहावा. बोटांतून पाणी ठिबकलं तर त्या मालाला पूर्ण भाव देऊ नये. या परीक्षेला खर्च शून्य आहे, म्हणून ‘गरीब शेतकऱ्याने प्रयोगशाळा कुठून आणायची’ हा आक्षेप टिकत नाही. दूध संघाला तर तेवढीही सबब नाही. जो संघ रोज हजारो नमुन्यांचं फॅट काढतो, त्याला आठवड्यातून काही चाऱ्याचे नमुने वाळवून तोलणं अवघड कसं असेल?

सगळ्यात मोठं नुकसान मात्र तिथे होतं, जिथे कुणी पेरतही नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, ठाणे-पालघरच्या डोंगरांवर, देशावरच्या माळांवर दर पावसाळ्यात आपोआप उगवणारं गवत. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातल्या गवताच्या सर्वेक्षणात दख्खनचा हा पट्टा पवना आणि मारवेल या गटातल्या सकस गवतांचा म्हणून नोंदवला आहे. ही गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोऱ्यावर येतात. तेव्हा कापली तर ती दुभत्या जनावराला पोसणारा चारा असतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती भातकापणी उरकल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात कापली जातात. तोवर बी झडलेलं असतं, पान वाळलेलं असतं, आणि हाती येते ती दोन-तीन टक्के प्रथिनांची पिवळी काडी. वजन तेवढंच किंवा जास्त. जिथे अति चराई झाली तिथे पवना-मारवेलची जागा कुसळीने घेतलेली असते, आणि तिची टोकदार कुसळं जनावराच्या तोंडात रुततात.

उशिरा कापण्यामागे आळस नाही. सप्टेंबरात पाऊस असतो, कापलेलं गवत वाळत नाही, कुजतं. ऑक्टोबरात सगळे हात भातात गुंतलेले असतात. व्यापारी फक्त वाळलेली गाठ घेतो. वीस टक्क्यांहून अधिक ओलीचं गवत गाठीत बांधलं तर ते आतून तापतं, बुरशी धरतं, कधी पेटतंही. ही सगळी कारणं ठाण्या-पालघरच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहेत. म्हणून त्याला ‘लवकर कापा’ एवढंच सांगणं अन्याय आहे. पण यातून ‘काही करता येत नाही’ असा अर्थ निघत नाही. मोसमी पाऊस परततो त्या ऑक्टोबरच्या पंधरवड्यात मोकळी उन्हं मिळतात. तेव्हा मोटरवर चालणारी गवतकापणी यंत्रं गटांना भाड्याने मिळाली, रोजगार हमीतून कापणीला मजुरी मिळाली, आणि उघडीप नसेल तर तेच गवत जागेवर मुरघासाच्या पिशव्यांत भरायची सोय झाली, तर डोंगराचा एक मोठा हिस्सा काडी होण्याआधी चारा होईल. कुरणाच्या लिलावाच्या अटींत कापणीची मुदत घालता येते. फुलोऱ्याच्या गवताला आणि झडलेल्या गवताला वेगळा दर देता येतो.

या कामात कुणी अडवणारा नाही, पण विचारणाराही नाही, कारण सरकारदरबारी या जमिनीला चाऱ्याची जमीन म्हणायची सवय राहिलेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ मध्ये गुरचरणासाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. तरी गायरानाचा विषय निघाला की चर्चा घरकुलं, प्रकल्प आणि झाडं लावण्याची होते. उघड्या माळाला पडीक म्हणणं आणि त्यावर खड्डे खणून रोपं लावणं हे हिरवं काम समजलं जातं. त्या खड्ड्यांखाली मुळं असतात ती मारवेलीची.

१९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफची स्थापना केली, त्यानंतर संकरित गाई महाराष्ट्राच्या घरोघरी पोचल्या. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आणि ५६ लाख म्हशी नोंदल्या गेल्या. या गाईंचं दूध वाढवण्यासाठी रेतमात्रा, लसी, यंत्रं यांवर पन्नास वर्षं पैसा आणि बुद्धी खर्च झाली, आणि ते योग्यच झालं. चाऱ्यासाठी मात्र बियाण्याची पाकिटं वाटून टनांची अपेक्षा केली गेली. जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यात टनांच्या रकान्याशेजारी कोरड्या पदार्थाचा आणि कापणीच्या महिन्याचा असे दोन रकाने यायला हवेत. त्यासाठी नवा कायदा नको, नवी संस्था नको. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याने एका तव्यावर शंभर ग्रॅम चारा वाळवून तोलला तरी पहिला रकाना भरतो, आणि दुसरा भरायला शेतकऱ्याला विचारलं की पुरतं.